आधी पोच घ्यायला शिकवा

तुमचा प्रश्न असा आहे: “तालुक्याच्या कॉलेजात यंदा राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) कार्यभार माझ्याकडे आला. मतदार जागृती, संविधान दिन, लोकशाही पंधरवडा, सगळी परिपत्रकं पाळतो, फोटो आणि अहवाल पाठवतो. पण मुलं क्रेडिटपुरती येतात. यातून कुणी जागरूक नागरिक घडत असेल असं मला मनापासून वाटत नाही. विद्यापीठ-कॉलेजांनी हे काम खरंच करायचं ठरवलं तर कसं करावं?”

मी चोवीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, त्यातली अकरा वर्षं रासेयोची कार्यक्रम अधिकारी होते, सोलापूरकडच्या ग्रामीण भागात. तुम्हाला आत्ता आलेली शंका मला यायला सात वर्षं लागली होती. तेव्हा तुम्ही माझ्या बरेच पुढे आहात.

प्रश्न वरवर वाचला तर तुम्हाला नवीन उपक्रम हवे आहेत असं वाटतं. मला विचाराल तर उपक्रम पुरे झाले. दरवर्षी पहिल्या तासाला मी वर्गात विचारायचे, तहसील कचेरीत कोण कोण गेलंय? साठातले पन्नास हात वर. मग विचारायचे, स्वतःच्या हातानं अर्ज कुणी लिहिला आणि खिडकीवर कुणी दिला? हात खाली. दाखला ‘पप्पांनी एजंटला सांगून’ आणलेला असतो, नाहीतर सेतूतल्या दादानं सगळं भरून दिलेलं असतं. म्हणजे मुलगा एकोणीस वर्षांचा झाला, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा असे तीन-चार दाखले त्याच्या नावावर निघाले, पण सरकारी कचेरीशी त्याचा स्वतःचा व्यवहार शून्य. अशा मुलाला आपण २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका वाचायला लावतो. तो वाचतो, खणखणीत वाचतो. त्या शब्दांचा आणि त्या खिडकीचा काही संबंध आहे हे मात्र त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. पदवीच्या तीन वर्षांत प्रत्येक मुलानं एक खरी अडचण घेऊन एका खऱ्या कचेरीचा उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा केला पाहिजे. काम झालं नाही तरी चालेल. बाकी रॅली, रांगोळी, निबंध, भित्तिपत्रकं ज्याला जमतील त्यानं करावीत.

आता हे तुम्हाला कितपत जमेल ते परिस्थितीवर आहे. तुम्ही तासिका तत्त्वावर असाल आणि पुढच्या जूनमध्ये असाल-नसाल याची खात्री नसेल, तर मोठी कामं अंगावर घेऊ नका. प्राचार्य पाठीशी नसतील तर गावातल्या प्रश्नापेक्षा कॉलेजातल्या प्रश्नापासून सुरुवात करणं अवघड जाईल (का ते पुढे सांगते). मुली जास्त असतील तर वेळेचं गणित वेगळं, कारण संध्याकाळची शेवटची गाडी चुकली की घरून दुसऱ्या दिवशी पाठवत नाहीत. शहरातलं कॉलेज असेल तर कचेऱ्या वेगळ्या, माणसं वेगळी. माझा अनुभव गावाकडचा आहे, तेव्हा त्यातलं तुमच्या उपयोगाचं तेवढं घ्या.

विद्यापीठांनी काही केलंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. रासेयो २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार स्वयंसेवकांनिशी सुरू झाली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर ही तिची चौकट तुम्हाला पाठच असेल. पुणे विद्यापीठानं ‘लोकशाही, निवडणूक आणि सुशासन’ हा विषय काही वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाला सक्तीचा केला. निवडणूक आयोगानं २०१८ पासून कॉलेजांत मतदार साक्षरता मंडळं काढायला लावली. उन्नत भारत अभियान २०१४ पासून आहे, त्यात कॉलेजनं पाच गावं दत्तक घ्यायची. नव्या शैक्षणिक धोरणात मूल्यशिक्षणाचे क्रेडिट आले, समाजात जाऊन करायचा प्रकल्प आला. कागदावर कशाचीच उणीव नाही.

घोडं पेंड खातं ते अहवालापाशी. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला विस्तारकार्याचा, म्हणजे समाजात जाऊन केलेल्या कामाचा, पुरावा लागतो. पुरावा म्हणजे बॅनर, बॅनरपुढे पाहुणे, पाहुण्यांमागे मुलं आणि कोपऱ्यात अक्षांश-रेखांश छापलेला जिओ-टॅग फोटो. नॅकवर माझा राग नाही, त्यांना काहीतरी मोजता आलं पाहिजे. पण फोटो एका दिवसात निघतो आणि पाठपुराव्याला सहा महिने लागतात. मग कॉलेज साहजिकच एका दिवसात संपणारे उपक्रम निवडतं. तुमच्या मुलांचा कंटाळा तिथून येतो. आपण शोभेला उभे आहोत हे त्यांना बरोबर कळतं.

माझे डोळे कसे उघडले ते सांगते. आमच्या दत्तक गावात आम्ही ओळीनं तीन हिवाळे शिबिर घेतलं. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, रात्री पथनाट्य, असा नेहमीचा दिनक्रम. श्रमदानात आम्ही मुख्य गल्लीतलं गटार उपसायचो. मुलं मनापासून राबायची, गावातल्या मावश्या चहा आणून द्यायच्या. चौथ्या वर्षी दिवाळीनंतर गावातल्या एका आजोबांचा कॉलेजात फोन आला. म्हणाले, “बाई, पोरं लई गुणाची तुमची. गटार पुन्हा तुंबलंय, औंदा कवा येताय?”

मी हसले आणि फोन ठेवल्यावर माझं हसू गेलं. गटार उपसायची जबाबदारी ज्यांची होती त्यांना आम्ही तीन वर्षं मोकळं सोडलं होतं. गावाला वाटायला लागलं होतं की गटार कॉलेजवाले काढतात. शंभर मुलांना तीन वर्षांत आम्ही फावडं धरायला शिकवलं. हे गटार कुणाचं काम, त्याला पैसा कुठून येतो, तो यंदा कुठं गेला, हे त्यांतल्या एकानंही विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, आणि मी तर पंचायत राज शिकवत होते! त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवर माझ्या हातच्या नोट्स अजूनही झेरॉक्सवाल्याकडे मिळतात.

सेवा वाईट असं मी म्हणत नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर विद्यार्थी गेले, पुरात जातात, तिथं फावडंच लागतं. पण गटार दरवर्षी तुंबत असेल तर एकदा फावडं आणि नंतर अर्ज, असा क्रम पाहिजे. आम्ही नुसतं फावडंच चालवत राहिलो.

त्यानंतरच्या वर्षी पद्धत बदलली. ते एक काम जरा तपशिलात सांगते, कारण सगळं शिकणं तपशिलात आहे.

बसथांब्यापासून वस्तीपर्यंतच्या रस्त्यावर अंधार असायचा. संध्याकाळच्या गाडीनं उतरणाऱ्या आमच्याच कॉलेजच्या मुली मोबाइलच्या उजेडात घरी जायच्या. विषय त्यांनीच सुचवला. मी म्हटलं, आधी मोजा. दोन संध्याकाळी त्यांनी खांब मोजले. एकूण ३१ खांब, त्यांत दिवा लागलेले १२. आठ खांबांवर दिवा होता पण लागत नव्हता, अकरांवर नुसतीच दांडी. प्रत्येक खांबावर रंगानं क्रमांक लिहिलेला असतो, तो त्यांनी वहीत उतरवला. “गावात अंधार आहे” आणि “३१ पैकी १९ खांबांवर उजेड नाही, क्रमांक पुढीलप्रमाणे” या दोन वाक्यांना कचेरीत वेगवेगळी वागणूक मिळते.

मग प्रश्न आला, अर्ज कुणाला? मुलं सरळ वीज कार्यालयात गेली. तिथं एका कर्मचाऱ्यानं नीट समजावून सांगितलं की खांब आणि तार आमची, दिवा ग्रामपंचायतीचा. खांब एकाचा, दिवा दुसऱ्याचा, हे मुलांना कळायला एक दुपार गेली. माझ्या दृष्टीनं ती दुपार स्थानिक स्वराज्य संस्थांवरच्या चार तासांना भारी होती.

अर्ज एका मुलीनं लिहिला आणि ग्रामपंचायतीत नेऊन दिला. परत आल्यावर मी विचारलं, “पोच घेतली का?”

“म्हणजे काय मॅडम? भाऊसाहेब म्हणाले, ठेव तिथं, बघतो.”

दुसऱ्या दिवशी तिला दोन प्रती घेऊन पाठवलं. शिक्का ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप, किल्ली शिपायाकडे, शिपाई लग्नाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. त्या दिवशी आवक नोंदवहीत नोंद झाली आणि तिच्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख पडली. पाऊस होता म्हणून तिनं तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. पण शिक्का पडेपर्यंत तो अर्ज नुसता कागद असतो. क्रमांक पडला की तो नोंदवहीतून नाहीसा करता येत नाही आणि पुढच्या पत्रात ‘संदर्भ’ म्हणून लिहिता येतो. पोच कशासाठी घ्यायची हे ज्याला कळलं त्याला कायद्याचं राज्य म्हणजे काय हे बऱ्यापैकी कळलं, असं मी वर्गात सांगायचे. त्यावर मुलं हसायची.

महिनाभर उत्तर नाही. तेवढ्या वेळात मी दुसरं काम दिलं. प्रत्येकानं घरची घरपट्टीची पावती आणायची. पंधरा-वीस जणांनी आणली, काहींच्या घरी सापडली नाही, दोघांच्या घरी चार वर्षं भरलीच नव्हती. पावतीवर घरपट्टीखाली वेगळी ओळ असते, ‘दिवाबत्ती कर’. वर्गात एकदम कुजबूज झाली. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे आपण अंधाराचे पैसे भरतोय.” आणि ज्यांच्या घरी भरलेच नव्हते ती दोघं गप्प बसली. कर बुडवायचा आणि दिवा मागायचा, याची लाज त्यांना मी न सांगता वाटली. हक्क आणि कर्तव्य यांवर वेगळं व्याख्यान द्यावं लागलं नाही.

मग ई-ग्रामस्वराज हे ग्रामपंचायतींच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ उघडलं. गावाचा वार्षिक विकास आराखडा, म्हणजे ‘आमचा गाव, आमचा विकास’मध्ये काय काय घेतलंय आणि किती खर्ची पडलंय, हे तिथं कुणालाही बघता येतं, लॉगिनसुद्धा लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगातून ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला अबंधित. पथदिवे त्या अबंधित निधीत बसत होते. आमच्या गावाच्या आराखड्यात एलईडी दिव्यांची एक ओळ होतीच. खर्चाच्या रकान्यात शून्य. मुलांनी दुसरं पत्र लिहिलं. संदर्भ, आवक क्रमांक, आराखड्यातल्या कामाचं नाव, खांबांची यादी. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. भाषा नम्र, एकही विशेषण नाही. पहिल्या मसुद्यात ‘झोपलेल्या प्रशासनाला जागे करण्यासाठी’ असं होतं, ते मी खोडलं.

माहितीचा अधिकार वापरू का, असं मुलं सारखी विचारायची. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत, उत्तराला तीस दिवस. हे सगळं मी शिकवते, दरवर्षी दोन-तीन अर्ज टाकायलाही लावते. पण पहिल्या पायरीला नाही. गावात तुमच्या नावाचा माहिती अधिकाराचा अर्ज आला की समोरचा सावध होतो आणि साध्या बोलण्यानं मिळालं असतं तेही कपाटात जातं. आधी तोंडी विचारा, मग साधा अर्ज, मग स्मरणपत्र, आणि मग कायदा. शहरात असाल तर याहून सोपी वाट आहे. महापालिका, जिल्हा परिषद अशा कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना फायली बघू द्याव्यात असा राज्य शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. आठ मुलांना एका सोमवारी घेऊन जा. फाईल कशी दिसते, टिपणी कुणी लिहिली, सह्या कुठल्या क्रमानं वर चढतात, हे बघितलेला विद्यार्थी लोकप्रशासनाच्या पेपरात वेगळंच लिहितो.

परत दिव्यांकडे. २६ जानेवारीची ग्रामसभा आली. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे त्या गावच्या मतदार यादीत नाव असलेले लोक. आमची निम्मी मुलं दुसऱ्या गावची, त्यांना बसायला हरकत नव्हती पण बोलायचा हक्क नव्हता. हे मी त्यांना आधीच सांगितलं. आपण पाहुणे, तोंड उघडायचं नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. तिथं वस्तीवरच्या एका मावशींनी विषय काढला, मुलींनी त्यांना फक्त आकडे लिहून दिले होते. दुसऱ्या दिवशीची मुख्य सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. साठ-सत्तरच आली होती, त्यांतलीही काही झेंडावंदनाच्या जिलेबीला. मुलं हिरमुसली. मला मात्र बरं वाटलं. ग्रामसभा का होत नाही याचं उत्तर त्यांनी सरपंचाच्या नावानं बोटं मोडून न शोधता रिकाम्या सतरंजीकडे बघून शोधलं.

तहकूब सभा नंतर झाली, ठराव झाला, मार्चमध्ये १४ दिवे लागले. १९ पैकी १४. पावसाळ्यात त्यांतले तीन गेले. पुढच्या तुकडीनं ती फाईल हातात घेतली आणि पहिलं पत्र त्या तीन दिव्यांचं गेलं. मला यात सगळ्यात मोठं यश कुठं दिसलं म्हणाल, तर तुकडी बदलली तरी फाईल बदलली नाही, यात.

मतदार नोंदणीबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण परिपत्रकं सगळ्यात जास्त त्याचीच येतात म्हणून सांगते. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं आणि पुण्यात सुमारे ५४. विद्येचं माहेरघर आणि जंगलातला मतदारसंघ यांच्यातला हा फरक घोषणांनी भरून निघणारा नाही. शहरातल्या कमी मतदानाची कारणं बरीच आहेत, पण कॉलेजच्या हातात असलेलं एक कारण अगदी साधं आहे. पुण्यातल्या हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाचं नाव नांदेडच्या यादीत असतं. मतदानाला सुटी एक दिवसाची आणि जायला-यायला दोन रात्री.

अशा मुलाला हॉस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं, शिक्षकांनाही नाही. गावी की हॉस्टेलला, हे त्यानं ठरवायचं, फक्त दोन्हीकडे नको. पहिल्यांदा नोंदणी असेल तर नमुना ६. आधीच नाव असून पत्ता बदलायचा असेल तर नमुना ८. नमुना ६ पुन्हा भरला की नाव दोनदा येतं आणि पुढं निस्तरायला जड जातं. हॉस्टेलच्या मुलाला संस्थेचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते तुमच्या कार्यालयातून एका दिवसात मिळेल असं बघा, कारण गाडी नेमकी तिथंच अडते. आणखी एक. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, म्हणजे अठरा पूर्ण झाले का ते त्याच तारखेला धरायचे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत, आणि सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे नोंदणी शिबिर २५ जानेवारीला मतदार दिनाच्या दिवशी एकदाच घेण्यात अर्थ नाही. प्रवेशाच्या वेळीच टेबल लावा. त्या दिवशी जन्मतारखेचा पुरावा, आधार, फोटो, सगळं मुलाच्या पिशवीत असतंच.

शपथेचे फोटो पाठवा हवं तर, पण यादीत नाव आलं का हे दोन महिन्यांनी तपासा. आम्ही पहिल्या वर्षी १४० अर्ज भरले म्हणून मिरवलो. नंतर यादी बघितली तर ५० नावंसुद्धा आली नव्हती. फोटो अस्पष्ट, पत्त्यात घर क्रमांक नाही, मतदान केंद्राचे अधिकारी (बीएलओ) तपासणीला घरी गेले तेव्हा कुणी नव्हतं. पाठपुरावा नसल्याचा फटका तिथंही बसला.

शहरातल्या कॉलेजांची एक खास अडचण आहे. २०२२ नंतर राज्यातल्या कितीतरी महापालिका आणि जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं प्रशासकांकडे होत्या, मुंबईचीसुद्धा. त्या काळात अठरा पूर्ण केलेल्या मुलानं मतदार झाल्यावर कितीतरी काळ आपल्या प्रभागाचा नगरसेवक पाहिलेलाच नव्हता. त्याला ‘तुमच्या लोकप्रतिनिधीला भेटा’ म्हटलं तर तो आमदाराचं नाव घेतो, किंवा फ्लेक्सवरचं. तिथं प्रभाग कार्यालयापासून सुरुवात करा. फुटपाथ, कचरा, पाण्याची वेळ, असा विषय कॉलेजपासून पायी दहा मिनिटांच्या आतला घ्या. रिक्षा करून जावं लागलं की तिसऱ्या खेपेला मुलं गळतात.

अभियांत्रिकीच्या मुलांना हे लागू नाही असं समजू नका. उन्नत महाराष्ट्र अभियानात २०१६ पासून, आयआयटी मुंबईच्या सोबतीनं, कॉलेजांनी आपल्या जिल्ह्यातले पाणी, रस्ते, ऊर्जा असे प्रश्न अभ्यासायचे अशी कल्पना आहे. नळयोजनेच्या टाकीची उंची मोजणारा मुलगा आणि खांब मोजणारी मुलगी एकाच वर्गातले.

आता कॉलेजच्या आतलं. हा भाग लिहू की नको असं झालं होतं. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका थांबवल्या आणि विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवर ठरू लागले. त्यामागं कारणं होती, कॉलेज निवडणुकांतली हाणामारी आमच्या पिढीनं बघितली आहे. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली. पण मुलाला लोकशाहीचा पहिला अनुभव ज्या इमारतीत यायचा त्या इमारतीत त्याला कुणी काही विचारत नाही, हे अवघडलेपण अजून आहे. आपण त्याला सांगतो सरपंचाला प्रश्न विचार, आणि त्यानं ग्रंथालय पाचला का बंद होतं विचारलं की त्याला केबिनमध्ये बोलावतो.

माझ्याबाबतीत असं झालं. घरपट्टीच्या पावतीनंतर दोन मुलांनी कॉलेजची फीची पावती वर्गात आणली. त्यावर जिमखाना, नियतकालिक, विद्यार्थी साहाय्य निधी अशा ओळी होत्या. त्यांनी विचारलं, मॅडम, नियतकालिकाचे पैसे घेतात, अंक दोन वर्षांत निघाला नाही. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, अर्ज लिहा, पोच घ्या. संध्याकाळी मला बोलावणं आलं आणि ‘तुम्ही मुलांना काय शिकवताय’ यावर अर्धा तास ऐकावं लागलं. अंक मात्र त्या वर्षी निघाला. म्हणून वर म्हटलं की प्राचार्य पाठीशी नसतील तर कॉलेजातल्या प्रश्नापासून सुरुवात अवघड. त्यांना आधी विश्वासात घ्या. मी घेतलं नव्हतं, ती माझी चूक. एखादा प्रश्न त्यांच्या टेबलावर अचानक येण्यापेक्षा ‘या सत्रात मुलं कॉलेजातल्या एका सोयीवर काम करणार आहेत’ हे त्यांना जूनमध्येच कळलेलं बरं.

गुणांचं काय, असं तुम्ही विचारणार. क्रेडिटपुरती मुलं येतात याचं वाईट वाटून घेऊ नका. येऊ द्या. आपणही नोकरीला पगारापुरतेच आलो होतो, गोडी नंतर लागली. फक्त क्रेडिट कशाला द्यायचं ते बदला. मी हजेरी आणि अहवाल यांना कमी गुण ठेवले आणि फाईलला जास्त. फाईलमध्ये मोजणीची वही, अर्ज, पोच, आलेलं उत्तर किंवा उत्तर न आल्यावर लिहिलेलं स्मरणपत्र, आणि शेवटी दोन पानं, ‘मला काय कळलं’. काम झालं म्हणून एकही गुण जास्त नाही. हा नियम कडक पाळा. नाहीतर मुलं ओळखीच्या पुढाऱ्याला फोन लावून दोन दिवसांत काम करून आणतात आणि शिकतात नेमकं उलटं. आमच्याकडे एका गटानं तसं केलंही होतं. दिवा लागला, त्यांना दहापैकी चार दिले. भांडायला आले. मी म्हटलं, वशिला लावायला कॉलेजात यायची गरज नव्हती.

धोके तीन आहेत. पक्षाचा झेंडा कुठल्याही बाजूनं आत येऊ देऊ नका, आणि निवडणूक लागली की आचारसंहितेत गावातली कामं थांबवा, त्या महिन्यात फक्त नोंदणी आणि वाचन. गावातल्या जातीच्या आणि भावकीच्या भांडणात मुलं ओढली जातात, म्हणून विषय असा घ्या की ज्याचा फायदा सगळ्या गल्ल्यांना होईल. जमिनीचा, अतिक्रमणाचा विषय विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका, कितीही खरा असला तरी. आणि कचेरीत जाणारी मुलं किमान दोघं असावीत, त्यांत एक त्याच गावची.

थोडक्यात वर्ष असं बसतं. जून-जुलैत प्रवेशाच्या टेबलावर मतदार नोंदणी आणि वर्गात पावतीवाचन. ऑगस्टमध्ये पाच-सहा जणांचे गट, प्रत्येकी एक विषय, मोजणी. सप्टेंबरात अर्ज. दिवाळीपर्यंत स्मरणपत्र आणि आराखड्याचा अभ्यास. शिबिर डिसेंबर-जानेवारीत घ्यालच, तेव्हा श्रमदान करा पण ज्या कामाचा अर्ज गेला आहे त्याच कामाच्या आसपास, म्हणजे गाव आणि मुलं दोघांनाही धागा दिसतो. जानेवारीची ग्रामसभा चुकवू नका. फेब्रुवारीत फायली जमा. पहिल्या वर्षी शंभर मुलांचं जमणार नाही, वीस जणांचं करा. बाकीच्यांना रॅली आहेच.

आणि पहिला अर्ज द्यायला मुलं निघाली की तुम्हाला त्यांच्यासोबत जावंसं वाटेल. जाऊ नका. सर आले म्हटल्यावर कचेरीत खुर्ची मिळते, चहा मिळतो, शिक्का लगेच पडतो. दाराबाहेर गाडी उभी करून थांबा हवं तर. मुलं बाहेर आली की एवढंच विचारा, पोच घेतली का?